महागात पडलेली शांती

थोरलीचा राग नाकावर असायचा. धुलाईच्या ज्या कारखान्यात ती कामाला होती तिथे तिचं नावच ठिणगी पडलं होतं. जेवणाची सुट्टी संपायच्या आत भोंगा वाजवणाऱ्या मुकादमाच्या डोक्यावर तिनं एकदा ओल्या टॉवेलांची अख्खी टोपली उलटी केली होती. ते हसण्यावारी गेलं. पण नवरा वारला आणि तिच्या रागाला धरबंद राहिला नाही. घरात ती, दीर आणि धाकटी जाऊ, एवढीच माणसं. एक दिवस मीठ जास्त पडल्याच्या कारणावरून तिनं पातेल्याचं तापलेलं झाकण धाकटीच्या दिशेनं भिरकावलं. झाकण लागलं नाही. पण भिंतीला पाठ लावून धाकटी ज्या नजरेनं बघत राहिली, ती नजर थोरलीला सोसवली नाही.

दुसऱ्या दिवशी ती विहारात गेली. दोन खोल्या आणि एक अंगण, एवढाच तो विहार. तिथे एक वयस्क भिक्खुणी राहायच्या, त्यांना सगळे आर्याजी म्हणत. थोरलीनं आडपडदा न ठेवता सांगितलं की मला राग येतो, त्याचं काहीतरी करा. आर्याजी म्हणाल्या, बस. ती बसली. पाय दुखले, पाठ दुखली, आर्याजींचासुद्धा राग आला; तरी ती जात राहिली. वर्षं गेली. श्वास बघायला शिकली, राग पोटातून वर चढतो तो बघायला शिकली. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, ते कारण संपलं की दुःख संपतं, आणि ते संपवायचा मार्ग आहे, ही चार वाक्यं तिला आवडली, कारण त्यांच्यात लपवाछपवी नव्हती. यंत्र बिघडलं की कारखान्यातला दुरुस्तीवाला याच क्रमानं जातो, असं ती धाकटीला सांगायची. धाकटी हसायची आणि म्हणायची, तुमच्या आर्याजींना आमच्या रोलरवर पाठवा.

धाकटीला रोलरवर कामाला थोरलीनंच लावलं होतं. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुऊन, पिळून यायच्या. दोघी जणींनी चादरीची दोन टोकं धरायची, ताठ ओढायची आणि तापलेल्या रोलरच्या तोंडाशी द्यायची. रोलर चादर ओढून घ्यायचा आणि पलीकडून ती कोरडी, इस्त्री होऊन बाहेर यायची. तिथे थोरली घडी घालायला उभी असायची. रोलरच्या तोंडासमोर एक लाल तार आडवी ताणलेली होती. कुणाचा हात जरा जास्त पुढे गेला की तो तारेला लागायचा आणि रोलर जागच्या जागी थांबायचा. जीव वाचवणारी वस्तू तेवढी एकच होती.

पुढे ती तार सैल पडली. जाड, ओली चादर आली की तिला घासायची आणि रोलर उगाचच थांबायचा. काम तुंबू लागलं. नवी तार बसवायची तर रोलर बंद ठेवावा लागणार होता. कारखाना सांभाळणाऱ्या साहेबांनी दुरुस्तीवाल्याला सांगून ती तार वर उचलली आणि चिंधीनं बांधून टाकली. तात्पुरतं, म्हणाले.

थोरलीनं ते पाहिलं आणि साहेबांच्या खोलीत जाऊन सांगितलं की हे धोक्याचं आहे. साहेब म्हणाले, बघू, बाई, तुम्ही तुमच्या घड्या घाला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिनं श्वास बघितला. राग चढला, थांबला, उतरला. ती काही न बोलता परत घड्यांवर आली आणि दिवसभर मनात खूश होती. जुनी ठिणगी असती तर साहेबांच्या टेबलावर काहीतरी आपटलं असतं. संध्याकाळी तिनं विहारात जाऊन हे सांगितलं. आर्याजींनी विचारलं, राग आला का? ती म्हणाली, आला, पण गेला. आर्याजी म्हणाल्या, छान. तार मात्र बांधलेलीच राहिली.

एका सकाळी धाकटीच्या हातातलं टोक ओलेपणामुळे दुमडलं. ते सरळ करायला तिनं हात पुढे नेला आणि चादरीबरोबर हातही आत गेला. थोरलीला पलीकडून आधी किंचाळी ऐकू आली, मग रोलर तसाच फिरत असलेला दिसला. समोरच्या बाईनं धावत जाऊन भिंतीवरचा मुख्य खटका पाडला. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

हॉस्पिटलात उजव्या हाताची तीन बोटं काढावी लागली. तळहातावरची कातडी मांडीवरून आणून लावली. धाकटी शुद्धीवर आली तेव्हा थोरली शेजारी होती. धाकटी बराच वेळ पांढऱ्या गाठोड्यासारख्या त्या हाताकडे बघत राहिली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं ना, ताई?"

थोरलीनं होकारार्थी मान हलवली.

"पूर्वीच्या तुम्ही असतात तर कारखाना डोक्यावर घेतला असता. तुमची शांती मला महागात पडली."

एवढं बोलून तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यानंतर ती थोरलीशी बोलेना. थोरली डबा घेऊन यायची, धाकटी नवऱ्याच्या हातून खायची.

दीर तिकडे वेगळाच पेटला होता. कुठूनसा लोखंडी गज आणून त्यानं दाराआड ठेवला होता. साहेबांचे पाय मोडल्याशिवाय राहणार नाही, म्हणायचा. थोरलीनं त्याला अडवलं. तो म्हणाला, "वहिनी, तुमची प्रवचनं मला नकोत." ती म्हणाली की प्रवचन करतंय कोण, तू तुरुंगात गेलास तर बायकोला घास कोण भरवणार? हे खरं होतं, पण अर्धंच. साहेबांना पहिला हात आपला लागावा, असं तिला वाटत होतं आणि तसं वाटतंय हेही तिला स्वच्छ दिसत होतं. इतक्या वर्षांच्या बसण्यानं फक्त एवढंच दिलं होतं. राग गेला नव्हता, त्याला नुसता आरसा लागला होता.

कारखाना चालू होताच. रोलरवर दुसरी बाई उभी केली होती आणि तार अजून बांधलेलीच होती. मात्र कामगारांची मनं स्थिर राहावीत म्हणून साहेबांनी एक सोय केली. रोज सकाळी जेवणाच्या खोलीत टेबलं बाजूला सारून सगळ्यांना बसवायचं आणि शहरातल्या एका नामांकित ध्यानशिक्षकानं शांतीचा पाठ द्यायचा. शिक्षक सडपातळ, गुळगुळीत दाढी केलेला, पांढऱ्या सैल कपड्यातला होता. आवाज असा की जखमेवर फुंकर घालतोय. बायकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव फुंकरबुवा ठेवलं.

फुंकरबुवा बुद्धाचं नाव घेऊन बोलायचा. जे घडलं ते घडलं, म्हणायचा. आपण घटनेला धरून ठेवतो म्हणून दुःख होतं, मूठ उघडा, वाहू द्या. पहिले काही दिवस थोरली मूग गिळून बसली. शब्द ओळखीचे होते, म्हणून तर जास्त झोंबत होते. आपल्याच घरातली भांडी चोरून कुणी आपल्यालाच विकावीत, तसं तिला वाटत होतं.

मग एक दिवस तो म्हणाला की आपल्या त्या दुर्दैवी भगिनीसाठी करुणा मनात आणू या, पण हेही समजून घेऊ या की ज्याचं कर्म त्याच्या वाट्याला येतं.

थोरली उभी राहिली. "तार कुणाच्या कर्मानं बांधली?" तिनं विचारलं.

फुंकरबुवानं डोळे अर्धे मिटून स्मित केलं आणि म्हणाला की ताई, तुमच्या मनात खूप राग आहे. ती म्हणाली, आहे, आणि तो कशाचा आहे ते बाजूच्याच खोलीत चिंधीनं बांधून ठेवलंय, चला दाखवते. साहेब मागे दारात उभे होते. ते पुढे येऊन सगळ्यांसमोर म्हणाले की तुम्ही तर इतकी वर्षं विहारात जाता, तुम्हीच असं करायला लागलात तर या बायकांनी कुणाकडे बघायचं? कमाल म्हणजे त्यांचा आवाज मनापासून दुखावलेला होता.

तिनं एप्रन सोडला, जमिनीवर टाकला आणि थेट विहारात गेली.

आर्याजी अंगण झाडत होत्या. थोरलीनं नमस्कार केला नाही. फाटकातूनच सुरुवात केली. म्हणाली की तुम्ही मला आंधळं केलंत. तुमच्याकडे यायच्या आधी मला राग यायचा तेव्हा माझ्या आजूबाजूची माणसं वचकून असायची, साहेबसुद्धा. तुम्ही माझे दात काढलेत आणि मी त्याला शील समजले. मन समतोल ठेव, उपेक्खा, उपेक्खा म्हणत बसवलंत, आणि उपेक्खा करता करता मी चक्क उपेक्षा केली. माझ्या घरातल्या पोरीची. ती बोलत राहिली, आवाज चढत गेला, शेजारच्या घरातलं कुणीतरी खिडकीशी आलं. आर्याजी झाडू हातात धरून उभ्याच होत्या.

ती दमली तेव्हा त्यांनी विचारलं, "तू तारेचं सांगायला आलीस, त्या दिवशी मी तुला काय विचारलं होतं?"

"राग आला का, एवढंच विचारलंत. मी म्हणाले आला, पण गेला. तुम्ही म्हणालात छान."

आर्याजी ओट्यावर बसल्या. त्यांचा चेहरा थोरलीनं इतक्या वर्षांत असा कधी पाहिला नव्हता. म्हातारा आणि पडलेला.

"मी तुझ्या मनाचं विचारलं," त्या म्हणाल्या. "तारेचं विचारलंच नाही. चुकलं माझं."

थोरली उपदेशाच्या तयारीनं आली होती. उपदेश झाला असता तर तो फेकून देऊन ती कायमची निघून जाणार होती. हे असलं काही तिनं धरलंच नव्हतं. राग कुठे आपटावा ते कळेना, म्हणून तो आणखी वाढला. ती म्हणाली की चुकलं म्हणून तिची बोटं परत येणार नाहीत. आर्याजी म्हणाल्या, नाही येणार. मग तुमच्या या मार्गाचा उपयोग काय, तिनं विचारलं.

आर्याजी म्हणाल्या, "दुःख आहे, हे तू पाहिलंस. पुढे त्याचं कारण. तिथे तार होती. ती सोडून तू थेट दुःख संपल्याच्या गोष्टीवर उडी मारलीस, आणि मी टाळ्या वाजवल्या. त्याला मार्ग म्हणत नाहीत. ती झोप झाली." मग उठून त्यांनी झाडू कोपऱ्यात ठेवला. "उद्या मला तुमच्या कारखान्यात घेऊन चल."

जायच्या आधी त्या हॉस्पिटलात गेल्या. धाकटीनं त्यांनाही पाठ दाखवली. त्या तशाच स्टुलावर बसून राहिल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. नर्स ड्रेसिंग बदलायला आली तेव्हा त्यांनी पाण्याचं भांडं धरलं, रक्ताळलेला कापूस गोळा केला आणि संध्याकाळी निघून गेल्या. धाकटी नंतर नवऱ्याला म्हणाली की निदान त्या बाईनं मला शांत राहा म्हणून सांगितलं नाही.

दुसऱ्या सकाळी चीवरातली भिक्खुणी कारखान्यात आलेली बघून फुंकरबुवाचा आनंद गगनात मावेना. त्यानं स्वतःचं आसन सोडून त्यांना बोलावलं. साहेबही हात जोडून आले. आर्याजींनी आसन घेतलं नाही. त्यांनी विचारलं की ज्या रोलरवर ती मुलगी काम करत होती तो कुठे आहे? साहेबांनी थोरलीकडे अशा नजरेनं पाहिलं की नजरेनंच कामावरून काढावं. पण इतक्या बायकांसमोर भिक्खुणीला नाही कसं म्हणणार?

त्या रोलरजवळ गेल्या. मान वर करून चिंधीनं बांधलेली तार पाहिली. मग रोलरच्या समोर, जिथे बायका चादर धरून उभ्या राहतात तिथेच, ओल्या फरशीवर मांडी घालून बसल्या. म्हणाल्या, मी इथे बसते. फुंकरबुवा म्हणाला की आर्याजी, ध्यानाची जागा पलीकडे आहे. त्या म्हणाल्या, बघायचंय ते इथे आहे.

रोलर चालू करायचा तर त्यांना उठवावं लागणार होतं. आधी थोरली त्यांच्याशेजारी बसली. मग धाकटीच्या समोर चादर धरणारी बाई बसली, मग घड्यावाल्या, पिळणीवाल्या. मुकादमानं ओरडून पाहिलं. ओल्या चादरींच्या गाड्या दारापर्यंत तुंबल्या. साहेबांनी घड्याळ पाहिलं, फोन केला, परत आले आणि शेवटी म्हणाले की ठीक आहे, दुरुस्तीवाल्याला बोलावतो, तो चिंधी सोडेल.

"तुम्ही सोडा," थोरली म्हणाली आणि उभी राहिली. "बांधायला तुम्ही सांगितलं होतं. हातानं सोडा."

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. कुणी बाजू घेईना. ते रोलरवरून वाकले आणि त्यांनी गाठीकडे हात नेला. रोलर फिरत नव्हता, पण सकाळच्या कामासाठी तापवून ठेवलेला होता. थोरलीनं त्यांचं मनगट धरलं. चादरी झटकून झटकून तिचे हात दोरखंडासारखे झाले होते. तिनं तो हात खाली दाबला, इतका की तळवा आणि रोलर यांच्यामध्ये फक्त धग राहिली.

"इथून आत गेला तिचा हात," ती म्हणाली.

बायका जागच्या जागी थिजल्या. आर्याजी उठल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "बघ."

थोरलीनं बघितलं. बोटांखाली साहेबांची नाडी पाखरासारखी फडफडत होती. हात घामानं ओला होता, मऊ होता. आणि आपला राग तिला दिसला, इतका जवळून पहिल्यांदाच. त्यात धाकटी नव्हती, तार नव्हती. त्याला फक्त या माणसाची भीती हवी होती, ती त्याला मिळत होती आणि ती गोड लागत होती. त्या गोडीनं ती चरकली. या हाताला चटका बसला असता तर दुसऱ्या दिवशी आणखी कुणाचा हात हवा झाला असता. कधीकाळी मिठावरून एका पोरीवर झाकण भिरकावणारी हीच गोडी होती.

तिनं मनगट सोडलं. माफ मात्र केलं नाही. म्हणाली, "सोडा गाठ." साहेबांनी चिंधी सोडली. तार लोंबकळत खाली आली. सैल, निरुपयोगी. नवी तार बसेपर्यंत कुणीही रोलरला हात लावणार नाही, असं बायकांनी सांगितलं.

पुढे बरंच काही झालं. अंगावर हात टाकला म्हणून थोरलीला काढायचं ठरलं. बायका पुन्हा रोलरसमोर जाऊन बसल्या, तेव्हा तो विचार मागे पडला. सरकारी तपासणीस आला, सगळ्या रोलरांना नव्या तारा लागल्या. फुंकरबुवा एकदा विहारात तक्रार घेऊन गेला की तुम्ही माझ्या वर्गाचा विचका केलात. आर्याजींनी त्याच्या हातात झाडू दिला. त्यानं अंगण झाडलं, पण परत काही आला नाही.

साहेबांना शिक्षा झाली नाही. मालकांच्याच दुसऱ्या धुलाई कारखान्यात त्यांची बदली झाली, तिथे रोलर जास्त होते. ही बातमी कळली तेव्हा थोरलीनं हातातला कप भिंतीवर फोडला. मग तुकडे गोळा करताना तिला वाटलं, साहेब तिथेही तार बांधतील आणि तिथल्या बायकांना कुणी सांगितलेलं नसेल. सुट्टीच्या दिवशी ती त्या कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. पाळी सुटल्यावर बाहेर पडणाऱ्या बायकांना थांबवून तिनं तारेचं सांगितलं. काही थांबल्या, काहींनी वेडी समजून वाट बदलली. राग आला की तिला कळायचं, आला. ती बोलणं थांबवत नसे. एका बाईनं विचारलं की तुम्ही कोणत्या पक्षाच्या? ती म्हणाली, चादरीवाल्यांच्या.

धाकटी घरी आली होती. डाव्या हातानं जेवायला शिकली, वेणी घालायला मात्र जमेना. ते काम नवरा करायचा. थोरलीला ती जवळ येऊ देत नव्हती. पण नवरा कामावर असताना एका दुपारी ती कळवळून उठली. नसलेली बोटं दुखत होती. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं की असं होतं, मेंदूला अजून बोटं आहेत असंच वाटतं. ती हात छातीशी धरून खोलीत येरझारा घालत होती. थोरली दारात उभी राहिली, आत गेली नाही.

"तुम्ही बसता तेव्हा काय करता?" धाकटीनं तिच्याकडे न बघता विचारलं.

थोरलीनं सांगितलं की विशेष काही नाही, जे होतंय ते बघते.

"मला नाहीत ती बोटं दुखतायत. ते कसं बघायचं?"

थोरलीला माहीत नव्हतं. ती तसं म्हणाली. मग म्हणाली की उद्या आर्याजींना विचारू, तोवर दोघी बसू या.

"तुम्हाला माफ करायला बसत नाहीये मी," धाकटी म्हणाली.

"नकोस करू."

दोघी जमिनीवर समोरासमोर बसल्या. धाकटीनं तुटका हात मांडीवर ठेवला, डोळे मिटले आणि लगेच उघडले. म्हणाली की दुखणं राहिलं बाजूला, मला नुसता राग येतोय. थोरली म्हणाली, येऊ दे, कुठे आहे तो बघ.

"तुमच्यावर आहे."

"मग डोळे मिटू नकोस," थोरली म्हणाली. "माझ्याकडे बघ."

धाकटीनं बघितलं. अंगावर वाफ यावी तशी ती नजर थोरलीच्या अंगावर आली. थोरलीनं मान खाली घातली नाही. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. धाकटीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तिनं ते पुसलं नाही आणि नजर हटवली नाही. दीर कामावरून घरी आला तेव्हाही त्या तशाच बसलेल्या होत्या. त्यानं चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता आत जाऊन चहाला आधण ठेवलं.